दिवा खाली ठेवल्यावर

सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर भाषण केलं होतं. चार मिनिटांचं. ते आत्तीनं माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा ती बेळगावातल्या एका इस्पितळात स्टाफ नर्स होती आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरातलं चित्र चिकटवलेलं होतं: हातात दिवा घेतलेली बाई आणि दोन्ही बाजूंना खाटांची रांग. माझ्या भाषणात फ्लॉरेन्स जन्मली, शिकली, युद्धावर गेली, रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरली, परत आली, राणीनं तिला भेटीला बोलावलं आणि मग एकदम नव्वदाव्या वर्षी ती वारली. मला दुसरं बक्षीस मिळालं. युद्धावरून परतली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. छत्तीस ते नव्वद या मधल्या चोपन्न वर्षांत तिनं काय केलं, हे परीक्षकांनी विचारलं नाही आणि मलाही तो प्रश्न पडला नाही.

यंदा मंडळाच्या ई-अंकासाठी १२ मे, म्हणजे परिचारिका दिनानिमित्त कुणीतरी लिहा असं सरांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हात वर केला. खरं सांगायचं तर आळस होता त्यात. जुनं भाषण वहीत होतंच, तेच थोडं वाढवून द्यायचं असं ठरवलं होतं. ते वाढवायला म्हणून लायब्ररीतून चरित्र आणलं आणि तिथंच अडकले. कारण युद्ध पुस्तकाच्या पहिल्या तिसऱ्या भागातच संपलं. पुढची सगळी पानं एका अशा बाईची होती, जी बहुतेक वेळ अंथरुणावर होती.

आता ही बाई कोण, ते पहिल्यापासून सांगते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील इंग्रज आणि खूप श्रीमंत. लग्नानंतर ते लांबच्या प्रवासाला निघाले होते. मुलगी ज्या शहरात झाली त्या शहराचं नाव तिला दिलं. थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मलेली, म्हणून तिचं नाव त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून पार्थेनोपी. म्हणजे फ्लॉरेन्स सुटली म्हणायची. इंग्लंडात त्यांची दोन मोठी घरं होती, उन्हाळ्याला डर्बीशायरमधलं ली हर्स्ट आणि एरवी हॅम्पशायरमधलं एम्ब्ली. वडिलांनी मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताचं वेड होतं. सोळा वर्षांची असताना, फेब्रुवारी १८३७ मध्ये, देव आपल्याला सेवेसाठी बोलावतो आहे असं तिला स्पष्ट जाणवलं. कसली सेवा ते कळायला आणखी काही वर्षं गेली. कळलं तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. त्या काळी इस्पितळात काम करणाऱ्या बायका म्हणजे दारू पिणाऱ्या, बिनभरवशाच्या, असाच सगळ्यांचा समज. अशा ठिकाणी आपली मुलगी?

मग जवळजवळ सगळी विशी तिनं दिवाणखान्यात काढली. पाहुण्यांशी बोलायचं, भरतकाम करायचं, कुणीतरी मोठ्यानं वाचेल ते ऐकायचं. या काळात ती नुसती कंटाळली नाही, अक्षरशः खंगली. जेवण जाईना, झोप येईना, अंगात त्राण राहिना. कष्ट तर काडीचे नव्हते. पुढे १८५१ साली ती हट्टानं जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या कायझर्सवर्थ इथल्या ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेत शिकायला गेली. तिथं भल्या पहाटे उठायचं, साधं जेवण, दिवसभर आजाऱ्यांचं काम. आणि तिथं तिची तब्येत उत्तम झाली! घरी बसून दमणारी मुलगी राबून टवटवीत झाली.

इथं मी पेन्सिलीनं खूण केली. मला वाटलं, झालं, लेख मिळाला. थकवा म्हणजे मनाचा खेळ, काम करा नि बरे व्हा. पुढची पानं उलटल्यावर ती खूण मला खोडावी लागली.

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेची ती प्रमुख झाली. दुसऱ्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध पेटलं. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले, लोक खवळले आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी तिला परिचारिकांचं पथक घेऊन जायला सांगितलं. हर्बर्ट तिचे जुने स्नेही. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ऑक्टोबर १८५४ मध्ये अडतीस परिचारिका घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथं पोचली. तुर्की सैन्याची एक प्रचंड बराक, तिचंच इस्पितळ केलेलं. खाली तुंबलेली गटारं, वर उंदीर, अंगात उवा, पाणी मोजकं, खाटा अपुऱ्या. जखमांपेक्षा हगवण, टायफस आणि कॉलरानं माणसं जास्त मरत होती.

तिथं ती दिवसाचे वीस वीस तास काम करायची. स्वयंपाकघर सुरू केलं, धुलाईची सोय केली, सामानासाठी अधिकाऱ्यांशी भांडली, मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रं लिहिली. रात्री फेरी मारायची ते खरंच. फक्त तो दिवा आपल्या चित्रांत असतो तसा समईसारखा किंवा अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा नव्हता. घडी घालता येणारा तुर्की कंदील होता तो, आपल्याकडच्या आकाशकंदिलाचा लहान भाऊ म्हणा. तरीसुद्धा मरणं थांबत नव्हती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण शंभराला बेचाळीसवर गेलं. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोगाची माणसं आली, त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं काढली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत तो आकडा शंभराला दोनच्या आसपास आला.

इतके कष्ट करून ती दमत नव्हती का? दमत असणारच. पण ते दमणं वेगळं. आपण मैदानात धावतो, पायात गोळे येतात, रात्री गाढ झोपतो आणि सकाळी पुन्हा उभे राहतो. स्नायूंतलं साठवलेलं इंधन संपलेलं असतं, धाग्यांना बारीक इजा झालेली असते. विश्रांतीत आणि जेवणात ते भरून निघतं, उलट थोडं जास्तच भरून निघतं. म्हणूनच तर सराव केल्यावर ताकद वाढते. मी स्वतः आठशे मीटर पळते. मला ठाऊक असलेला थकवा हा एवढाच होता, आणि याच मापानं मी सगळ्या जगाचा थकवा मोजत होते.

मे १८५५ मध्ये फ्लॉरेन्स बोटीनं क्रिमियात बालाक्लाव्हाला गेली, तिथली इस्पितळं बघायला. काही दिवसांतच तिला ताप चढला. सैनिकांना यायचा तोच, ज्याला सगळे क्रिमियाचा ताप म्हणत. ती बेशुद्धीत बडबडू लागली, केस कापावे लागले, ती जगत नाही अशीच सगळ्यांची समजूत झाली. ती वाचली. परत इंग्लंडला जा असं सगळ्यांनी सांगितलं, ती गेली नाही. पण ताप उतरला तरी दुखणं उतरलं नाही. त्या वर्षभरात कधी कंबरेपासून पायापर्यंत कळा, कधी कानदुखी, कधी घसा, असं काहीतरी उगवतच राहिलं. युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये ती गाजावाजा टाळायला मिस स्मिथ हे खोटं नाव घेऊन परतली आणि एकटीच स्टेशनवरून घराकडे चालत गेली. वजन घटलेलं, केस आखूड.

राणी व्हिक्टोरियानं भेटीला बोलावलं. त्या भेटीतून पुढं लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणारा आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष झाले सिडनी हर्बर्ट. पडद्यामागचं सगळं काम मात्र फ्लॉरेन्सचं. विल्यम फार नावाच्या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीनं तिनं युद्धातल्या प्रत्येक महिन्याच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. तेव्हा तिला कळलं की ज्या इस्पितळासाठी सारा देश तिचे गोडवे गात होता, तिथंच घाणीमुळं माणसं सगळ्यांत जास्त मेली होती. तिनं ते लपवलं नाही. पाकळ्यांच्या आकाराची रंगीत आकृती काढून मंत्र्यांपुढं ठेवली, म्हणजे आकड्यांचा कंटाळा असणाऱ्यालाही एका नजरेत समजावं. १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेनं तिला सभासद करून घेतलं, ती तिथली पहिली स्त्री.

पण त्याच्या आधी, ऑगस्ट १८५७ मध्ये, ती कोसळली. छाती धडधडणं, धाप लागणं, अन्नाचा वासही नको होणं, आणि हात उचलवत नाही इतकी अशक्तता. माल्व्हर्न नावाच्या गावी जलोपचाराला नेलं. आता ही फार दिवसांची सोबतीण नाही असं डॉक्टरांना वाटलं, तिलाही वाटलं. मागं काय करायचं याच्या सूचना तिनं लिहून ठेवल्या. वय सदतीस. ती त्यानंतर त्रेपन्न वर्षं जगली.

ही त्रेपन्न वर्षं माझ्या भाषणात नव्हती.

तिनं ती कशी काढली? आधी तिनं भेटीगाठी तोडल्या. लंडनमधल्या एका हॉटेलातल्या खोल्यांत ती राहू लागली. वेळ ठरवल्याशिवाय कुणी यायचं नाही, एका वेळी एकच माणूस. आई आणि बहीण आल्या तरी हाच नियम. जॉन सदरलंड नावाचे डॉक्टर वर्षानुवर्षं तिच्या कामात मदत करत. ते बहिरे होते आणि तिला बोलण्यानं दम लागे, म्हणून एकाच घरात असूनही दोघं खालीवर चिठ्ठ्या पाठवून काम करत. सोबतीला मांजरं. एका बोक्याचं नाव तिनं बिस्मार्क ठेवलं होतं. अंगात जेवढी शक्ती आहे ती सगळी लिहिण्यासाठी राखायची, बाकी कशावर खर्च करायची नाही, असा तिचा हिशेब होता. पैसा होता, नोकरचाकर होते म्हणून तिला हे जमलं, हेही सांगायला हवं. चूल पेटवून, धुणं धुऊन मग आयोगाचा अहवाल लिहायचा असता तर तो लिहून झाला नसता.

लष्कराच्या आरोग्यावरचा शेकडो पानांचा अहवाल या अवस्थेत लिहून झाला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा सुरू झाली, तीही तिनं अंथरुणावरून पत्रं लिहून चालवली म्हणायची. आणि १८५९ च्या अखेरीस तिचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक आलं. ते मी आत्तीच्या ट्रंकेतून काढून वाचलं. मला वाटलं होतं त्यात पट्ट्या कशा बांधायच्या वगैरे असेल. पण त्यातला मोठा भाग आजारी माणसाला दमवू नका, एवढंच निरनिराळ्या तऱ्हांनी सांगणारा आहे. रोग्याशी बोलताना समोर बसा, त्याला मान वळवावी लागेल असं उभं राहू नका. पाठीमागून एकदम बोलू नका. त्याच्या खाटेला टेकू नका, तिच्यावर बसू नका. दाराबाहेर कुजबुजू नका, कारण तो कान देऊन ऐकत राहतो आणि त्यातच शिणतो. लवकर बरे व्हाल असं तोंडदेखलं बोलू नका. आणि एक मुद्दा तर मी दोनदा वाचला. भेटीला आलेल्या माणसाला रोगी हसताना, बोलताना दिसतो, छान दिसतो. पण त्या बोलण्याची किंमत तो रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मोजतो, आणि ती मोजताना बघायला पाहुणा तिथं नसतो.

इथं मी पुस्तक मिटलं. कारण मला गेल्या वर्षीचं खानापूरचं लग्न आठवलं.

आत्ती आता आमच्याच घरी असते. चार वर्षांपूर्वी तिला चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात गेला, सांधे काही महिन्यांत सुटले, पण आत्ती काही पूर्वीसारखी उठली नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, छातीचा फोटो, सगळं केलं. ते करायलाच हवं, कारण कित्येकदा थकव्याचं कारण तिथंच सापडतं आणि औषधानं जातं. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. एका डॉक्टरांनी तिला सकाळी चालायला जा, मन रमवा, असं सांगितलं. ती गेली. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, मग रोज थोडं थोडं वाढवत. दहाव्या दिवशी ती आडवी झाली ती पंधरा दिवस. शेवटी तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली. त्या लग्नात मात्र ती तीन तास बसली, हसली, सगळ्यांची विचारपूस केली. घरी आल्यावर चार दिवस ती फक्त बाथरूमपर्यंत भिंत धरून जाऊ शकली. ते चार दिवस आम्ही चौघांनीच बघितले. बाकी साऱ्या भाऊबंदकीनं ते तीन तास बघितले आणि लग्नाला बरी, कामाला आजारी, असं बोलणं आमच्या कानावर आलं.

ते बोलणं मला तेव्हा फारसं खटकलं नव्हतं. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. बारावीच्या परीक्षेच्या वेळी एकदा मी रात्रभर जागून अभ्यास करून उठले होते. आई बँकेत गेलेली. मी आत्तीला म्हटलं की तू तर दिवसभर पडूनच असतेस, निदान माझ्यापुरता चहा तरी कर. ती काही बोलली नाही. उठली, चहा केला, माझ्यासमोर ठेवला. कप ठेवताना तिचा हात थरथरत होता, ते मी बघितलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

आता सिडनी हर्बर्टकडे येते.

आयोग संपल्यावर १८५९ मध्ये हर्बर्ट पुन्हा युद्धमंत्री झाले. फ्लॉरेन्सच्या सगळ्या सुधारणा आता त्यांच्या हातून व्हायच्या होत्या. पण १८६० च्या अखेरीस त्यांना मूत्रपिंडाचा आजार असल्याचं निष्पन्न झालं, त्या काळात ज्यावर इलाज नव्हता. ते दिवसेंदिवस दमू लागले. काम कमी करतो, सोडतो असं म्हणू लागले. आणि फ्लॉरेन्स, जी स्वतः उठून बसू शकत नव्हती, जिनं रोग्याला दमवू नका म्हणून पुस्तक लिहिलं होतं, ती त्यांच्यावर रागावली. त्यांनी नेट लावला तर होईल, असं तिला वाटत होतं. हाताशी आलेला डाव ते टाकून देत आहेत असं तिनं त्यांना सुनावलं. त्यांनी जमेल तितकं ओढलं. जुलै १८६१ मध्ये पद सोडलं आणि २ ऑगस्टला ते वारले. वय पन्नास. मग तिनं जो शोक केला तो वर्षानुवर्षं संपला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तिचं स्वतःचं दुखणं इतकं वाढलं, पाठीच्या कण्यात अशा कळा येऊ लागल्या, की पुढची पाच-सहा वर्षं तिला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावं लागे.

मला ती या जागी पहिल्यांदा माणूस वाटली. थकवा म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी समोरच्याचा थकवा तिला दिसला नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, जखम डोळ्यांनी दिसते. थकव्याच्या बाबतीत आपल्याला समोरच्याचा शब्दच मानावा लागतो, आणि आपली गरज मोठी असली की तो शब्द ऐकूच येत नाही. तिची गरज हजारो सैनिकांच्या जिवाची होती. माझी एका कप चहाची.

याच दिवसांत तिनं हिंदुस्थानचं काम अंगावर घेतलं होतं. १८५९ मध्ये इथल्या लष्कराच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. तिनं प्रश्नावली तयार केली, ती इथल्या लष्करी ठाण्यांकडे गेली. पाणी कुठून येतं, गटारं कशी आहेत, बराकीत एका माणसाला किती जागा, असे प्रश्न. उत्तरांचे ढीग लंडनला तिच्या खोलीत येऊन पडले. १८६३ मध्ये अहवाल निघाला. तेव्हा इथले गोरे सैनिक वर्षाला हजारी एकोणसत्तर या प्रमाणात मरत होते, तेही लढाईत नव्हे. पुढं दहा वर्षांनी तिनं स्वतःच हा आकडा अठरापर्यंत उतरल्याचं लिहिलं. आपलं बेळगावही त्या काळी मुंबई इलाख्यातली छावणी. आज कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवरून जाताना मला हटकून ती खोली आठवते. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही, येऊ शकली नाही. सैनिकांपासून सुरू झालेलं तिचं लक्ष हळूहळू इथल्या खेड्यांकडे, दुष्काळाकडे, पाटबंधाऱ्यांकडे वळलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. चाळीसेक वर्षं हे चाललं.

साठीनंतर तिची तब्येत थोडी सुधारली. ती बाहेर पडू लागली, आपल्या शाळेतल्या मुलींना घरी चहाला बोलावू लागली. मग दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री ठरली, पण तोवर तिला फारसं उमगत नव्हतं. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरात ती झोपेतच गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी होती; तिच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी नको म्हटलं. एम्ब्लीजवळच्या गावच्या चर्चच्या आवारात आईवडिलांशेजारी ती आहे. दगडावर तिच्यापुरती फक्त नावाची दोन आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची नोंद.

ती मेल्यावर तिच्या आजारावर लोकांनी बरंच लिहिलं. कुणी म्हणालं मनाचा रोग, कुणी म्हणालं नातेवाइकांना लांब ठेवायची युक्ती. इतकं काम करणारी बाई आजारी कशी असेल, असाही एक प्रश्न. उत्तर खरं तर तिच्या हयातीतच जवळ आलं होतं. १८८० नंतरच्या दशकात डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं माल्टा बेटावर सैनिकांना येणाऱ्या एका चिवट तापाचा जंतू शोधून काढला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला तो जंतू शेळ्यांत सापडला. न तापवलेल्या दुधातून तो माणसात येतो. ब्रुसेलोसिस म्हणतात त्याला. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात, जंतू मणक्यात शिरला तर कणा दुखतो, माणूस उदास होतो आणि महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षं गळून जातो. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डी. ए. बी. यंग या संशोधकानं तिची सगळी लक्षणं मांडून दाखवलं की क्रिमियात तिला झाला तो बहुधा हाच आजार, जुनाट झालेला. तिचं रक्त तपासायला आता कुणी जाऊ शकत नाही, म्हणून बहुधा म्हणायचं. पण ढोंग म्हणणाऱ्यांकडे तरी कुठला रिपोर्ट होता?

आजार अंगात असताना शरीर आपणहून आपल्याला आडवं पाडतं. जंतूंशी लढताना रक्तात जी द्रव्यं सुटतात ती मेंदूला पडून राहा असं सांगतात, आणि ते त्या वेळी योग्यच असतं. काही जणांत आजार सरल्यावरही हा निरोप थांबत नाही. का थांबत नाही, यावर अजून शोध चालू आहे. अशा थकव्यात विश्रांतीनं भरून निघत नाही, आणि थोडं जास्त काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. याच्या एका तीव्र प्रकाराला एम. ई. म्हणतात. त्यात व्यायाम ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याचा जुना उपचार करू नये, असं इंग्लंडच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं. आहे तेवढ्या शक्तीत दिवस बसवणं हाच त्यातला मार्ग. आत्तीच्या आजाराला डॉक्टरांनी हे नाव दिलेलं नाही, मीही देत नाही. पण या रुग्णांनी आपला जागृती दिवस म्हणून फ्लॉरेन्सचा वाढदिवसच निवडला आहे. म्हणजे १२ मे या एका तारखेला दोन दिवस असतात. दिवा घेऊन चालणाऱ्यांचा, आणि उठता न येणाऱ्यांचा. आम्हाला शाळेत एकच शिकवला.

लेख लिहून झाल्यावर मी आत्तीला विचारलं, तुला हे सगळं ठाऊक होतं का? ती म्हणाली, नर्सिंगला असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. अंथरुणाचा भाग एका ओळीत होता. मग म्हणाली, हिशेब मात्र तिच्यासारखाच करते मी. तिची एक वही आहे, मला माहीत नव्हती. केस धुवायचा दिवस वेगळा, भाजी निवडायचा दिवस वेगळा, ती पण स्टुलावर बसून. कुणी येणार असेल तर आदला आणि नंतरचा दिवस कोरा. मी पानं मागं मागं उलटत गेले. बारावीच्या परीक्षेच्या त्या तारखेला फक्त चहा असं लिहिलेलं होतं आणि पुढचे दोन दिवस कोरे होते.

मी माफी मागितली. तिनं हात झटकला, जाऊ दे गं, म्हणाली, आणि लेख वाचून दाखव म्हणून सांगितलं. मी खुर्ची ओढून तिच्या समोर बसले, खाटेवर नाही. सावकाश वाचत गेले. स्कुटारीपर्यंत आल्यावर तिनं डोळे मिटले. पूर्वी मी कंटाळलीस काय म्हणून विचारलं असतं. आज विचारलं नाही, कागद खाली ठेवले. उरलेला उद्या, असं ती डोळे न उघडताच म्हणाली. उरलेल्यात चहाचा भागही आहे, तो तिनं ऐकल्यावरच हा लेख सरांकडे जाईल. मी पंख्याचा वेग कमी केला आणि दार आवाज न करता लोटून घेतलं.